टाकीमागच्या पायऱ्या आणि ९ नोंदींचं रजिस्टर

आमची शाळा गोव्यात, डिचोली तालुक्यात, नाव सांगत नाही, अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन डिव्हिजन. मी गणित शिकवते. हे सगळं सुरू झालं ते जून महिन्यात एका सातवीतल्या पोराच्या हनुवटीला तीन टाके पडले त्यावरून.

शाळेच्या मागं पाण्याची टाकी आहे, तिथून नळांकडे उतरायला चिऱ्यांच्या चार पायऱ्या. रिसेसला पाव-भाजी खाऊन झाली की सगळी पोरं हात धुवायला तिकडंच पळतात. हा पोरगा दुसऱ्या पायरीवरून घसरला तो थेट नळाच्या कट्ट्यावर. पियूननं उचललं, रिक्षा केली, टाके घातले, पोरगा दुसऱ्या दिवशी पट्टी मिरवत वर्गात हजर. प्रश्न त्याच्या वडिलांनी विचारला. आवाज न चढवता, ऑफिसात बसून, एवढंच की, यापूर्वी तिथं कोण पडलं होतं काय? हेड बाईंनी ॲक्सिडेंट रजिस्टर काढलं, उघडून दाखवलं, गेल्या पूर्ण वर्षात ९ नोंदी आणि त्यातली एकही पायऱ्यांची नाही. बाई म्हणाल्या, नाही, पहिल्यांदाच.

वडील गेले. मी ऑफिसातून बाहेर आले तर पियून दारातच उभा, मला म्हणतो, टीचर, तिथं आठवड्याला एकतरी घसरतोच, पण कपडे झाडून जातो मग कोण लिहिणार.

मी ते रजिस्टर नंतर नीट वाचलं. ९ च्या ९ नोंदी म्हणजे ज्या पोरांना शाळेनं स्वतः डॉक्टरकडे नेलं ती. म्हणजे आमचं रजिस्टर अपघातांचं नव्हतंच, रिक्षाभाड्याचं होतं म्हटलं तरी चालेल. खर्चाची पावती जोडायची असते ना, म्हणून लिहिलेलं. आणि आम्ही सगळे, मी पण, पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये दरवर्षी छातीठोकपणे सांगत होतो की आपल्या शाळेत काही होत नाही.

पीटीएवर एक पालक आहेत, खाणीवर मायनिंग फोरमन होते. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग चालू झाल्या, २०१८ ला परत बंद, तेव्हापासून घरी, थोडी बागायत बघतात. जूनच्या मीटिंगमध्ये पायऱ्यांचा विषय निघाला आणि सगळे नेहमीप्रमाणे ‘मुलांनी सावकाश चालावं’ या ठरावाकडे निघाले होते तेवढ्यात हे म्हणाले की आमच्याकडे खाणीवर नियर मिसचं वेगळं रजिस्टर असायचं. म्हणजे दगड पडला पण कोणाला लागला नाही, डंपर मागं आला पण थांबला, ते पण लिहायचं. आणि महिनाभर ते कोरं राहिलं तर मॅनेजर शाबासकी देत नव्हता, विचारायचा, तुम्ही झोपलेले काय? त्यांच्या ट्रेनिंगमध्ये १, २९, ३०० असा त्रिकोण शिकवत. हाइनरिश नावाच्या अमेरिकेतल्या विमा कंपनीतल्या माणसानं १९३१ साली मांडलेला, एका मोठ्या अपघातामागं २९ छोटे आणि ३०० नुसतेच हुकलेले असतात. त्या आकड्यांवर नंतर भरपूर टीका झालीय आणि शाळेला ते प्रमाण लावायचं काही कारण नाही, पण आमच्या पियूनचं वाक्य आणि फोरमनसाहेबांचं रजिस्टर एकच गोष्ट सांगत होते.

तर काम माझ्या गळ्यात पडलं. गणिताची टीचर ना, आकडे आले की ती.

पहिला फॉर्म मी बनवला तो एका बाजूचा नि शिवाय मागच्या पानावर थोडा, मोजले तर १९ रकाने. कोणी भरला नाही. भरणार कोण, चाळीस मिनिटांचा पिरियड, मध्ये प्रॉक्सी (गैरहजर टीचरचा तास घ्यायचा), त्यात १९ रकाने. शिवाय त्यात एक रकाना होता, ‘चूक कोणाची’. त्यावरून स्टाफरूममध्ये जो वाद झाला त्यात माझं डोकं उठलं पण एक कळलं. चूक कोणाची विचारलं की माणूस लिहायचंच टाळतो, कारण पीटी सरांनी लिहिलं तर ड्युटी त्यांचीच असते आणि पोरानं सांगितलं तर मार मित्राला बसतो. रकाना काढून टाकला. मग अर्ध्या पानाचा फॉर्म झाला, पाचच गोष्टी: तारीख आणि वेळ, जागा, काय झालं, कुठल्या वर्गाची मुलं, लगेच काय केलं. रक्त आलं पाहिजे अशी अट नाही. घसरला पण वाचला, ढकललं, चिडवलं, डबा पळवला, सगळं चालेल. १ जुलैपासून सुरू.

जुलै संपला, १७ नोंदी. मागच्या आख्ख्या वर्षात ९ आणि इथं एका महिन्यात १७!

मॅनेजमेंटच्या एका सदस्यांना घाम फुटला. भागशिक्षणाधिकारी व्हिजिटला आले आणि हे बघितलं तर काय म्हणतील, शाळा बिघडली म्हणतील, शेजारच्या गावातली शाळा ॲडमिशनच्या वेळी हेच सांगत फिरेल. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पाचवीला पोरं मिळवायला किती मारामारी आहे ते आम्हालाच माहीत. त्यांनी सुचवलं की छोट्या गोष्टी वेगळ्या वहीत लिहा आणि ती वही कपाटात ठेवा. हेड बाई तशा कमी बोलतात, त्या एवढंच म्हणाल्या की, जूनमध्ये त्या वडिलांना मी खोटं बोलले, मला माहीत नसताना बोलले, आता माहीत असताना नाही बोलणार. वही एकच राहिली.

आता माझी चूक सांगते, कारण ती या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. ऑगस्टमध्ये मी नोंदी एक्सेलमध्ये घातल्या आणि सगळ्यांना दिसावं म्हणून शीट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यात ‘काय झालं’ या रकान्यात एका मुलाचं नाव होतं, तो बोलताना अडखळतो, त्याला काय म्हणून चिडवतात ते टोपणनावही मी जसंच्या तसं लिहिलेलं. एका टीचरचा मुलगा आमच्याच शाळेत आहे, आईचा फोन त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी जे नाव चार पोरांना माहीत होतं ते चाळीसांना झालं. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडली नाही. म्हणाली, ‘टीचर, तो घरांत कितेंच उलयना.’ घरात काहीच बोलत नाही. मी काय बोलणार? माफी मागितली. त्या मुलाची पण मागितली, त्याला वेगळं बसवून, ती जास्त कठीण गेली.

त्यानंतर शीटमध्ये नाव नाही, फक्त वर्ग. नावाचा कागद हेड बाईंच्या कपाटात, चावी त्यांच्याकडे आणि आमच्या काउन्सेलरना गरज लागली तरच तो बाहेर येतो. व्हॉट्सॲपवर काही नाही. खरं तर हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

आणि एक प्रकारची गोष्ट या वहीत येतच नाही हेही तेव्हाच ठरलं. अंगाला हात लावणं, लैंगिक त्रास, असं काहीही कानावर आलं तर ती ‘नोंद’ नसते, त्याची टॅली मार्क करायची नसते, ते त्याच दिवशी पोलिसांकडे जातं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ तसं बंधन घालतं आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला तर वर्षापर्यंत कैद. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा आहे, त्यात शाळेत पोरांना मारायला बंदी आहेच, म्हणून कुठल्या टीचरनं हात उचलला तर तेही ‘छोटी घटना’ म्हणून वहीत ढकलून मोकळं होता येत नाही. आमच्या स्टाफमधल्या दोघा-तिघांना हे ऐकून जरा ठसका लागला, लागू दे.

दिवाळीच्या सुट्टीत मी बसले. चार महिन्यांच्या ६३ नोंदी. आधी महिन्याप्रमाणे मांडल्या: जुलै १७, ऑगस्ट १९, सप्टेंबर १३, ऑक्टोबर १४. हेड बाई म्हणाल्या सप्टेंबर चांगला गेला. मला पण तसंच वाटलं, मग आठवलं, चतुर्थी होती! त्या वर्षी चतुर्थी सप्टेंबरात आली, शाळा भरली १८ दिवस. जुलैत पावसाच्या रेड अलर्टच्या सुट्ट्या वगळून २४ दिवस. भागून बघा, दोन्हीकडे दिवसाला ०.७ च्या आसपास, म्हणजे सप्टेंबर बिलकुल चांगला गेला नव्हता, पोरं घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत होती एवढंच. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळा मुलांच्या वागणुकीसाठी पीबीआयएस नावाची पद्धत वापरतात तिथं हा भागाकार नेहमीचाच आहे, महिन्याच्या नोंदी भागिले शाळेचे दिवस. गोव्यात तर तो हवाच, चतुर्थी, दिवाळी, नाताळ, कुठला महिना कुठल्या महिन्यासारखा असतो? (त्यात २०२५ ला सहावी ते दहावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले, तेव्हा एप्रिलची तुलना कशाशी करायची ते अजून मलाही सुचलेलं नाही.)

मग जागेप्रमाणे मांडलं आणि तिथं खरी मजा आली. गेटजवळ बालरथची, म्हणजे शाळेच्या बसची वाट बघताना २१, टाकीमागच्या पायऱ्या आणि नळ १८, ग्राउंड १०, वर्गात ८, बाकी इकडतिकडच्या ६. दोन जागांत मिळून ३९. आणि दोन्ही अशा जागा की तिथं कोणाची ड्युटी नाही. १९९९ साली अमेरिकेत रॉन ॲस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायस्कूलच्या पोरांना शाळेचा नकाशा देऊन मारामाऱ्या कुठं होतात त्या खुणा करायला लावल्या होत्या, तेव्हा त्या खुणा कॉरिडॉर, जेवणाची जागा, पार्किंग अशा ठिकाणीच पडल्या, जिथं त्या वेळी टीचर नसतात आणि ती जागा कोण आपली मानत नाही. बेवारस जागा म्हणू या. आमचं गेट दीड वाजता बेवारसच असतं.

पायऱ्यांचं आधी सांगते, ते सोपं. सगळ्यांचं मत, पाऊस, शेवाळ, दुसरं काय. ब्लीचिंग पावडर टाकून घासल्या, दर शनिवारी घासायचं ठरलं. पण तारखा बघितल्या तर ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावरही घसरणं चालूच. आणि १८ पैकी १४ रिसेसमध्ये, सव्वादहा ते दहा पस्तीस. शेवाळाला घड्याळ कळतं का? पियूनला विचारलं तू पंप कधी लावतोस, म्हणाला साडेनऊला. म्हणजे टाकी भरून वाहायला लागायची ती बरोब्बर रिसेसच्या आधी, टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉलकॉक खराब होता, पाणी मागच्या भिंतीवरून पायऱ्यांवर, आणि समोर खाली पडलं की कळलं असतं पण ते मागं जायचं. प्लंबर आला, बॉलकॉक बदलला, गवंड्यानं छिन्नीचे घाव मारून चिरे खरबरीत केले. नोव्हेंबर ते मार्च तिथं २ नोंदी, दोन्ही धक्काबुक्कीच्या. आम्ही वर्षानुवर्षं पोरांना ‘सावकाश चाला’ सांगत होतो, घासत होतो, आणि दोष बॉलकॉकचा.

गेटचं मात्र तितकं सोपं नव्हतं. इथं आठवी बी येते.

आमच्याकडे आठवी बी म्हणजे दांडगी, हे स्टाफरूममधलं पाठ झालेलं वाक्य. ६३ मधल्या १९ नोंदींत आठवी बी, १२ डिव्हिजनमध्ये एकटीच्या १९, बघा आम्ही म्हणत नव्हतो! मीही म्हणणाऱ्यांतलीच. पण त्या १९ मधल्या १३ गेटवरच्या, दुपारच्या. आमचा बालरथ एकच आणि ट्रिपा दोन. पहिली ट्रिप जवळच्या वाड्यांची, ती करून बस परत येईपर्यंत दुसऱ्या ट्रिपची पोरं अर्धा तास गेटवर. आणि लांबच्या वाड्यांवरची पोरं आमच्याकडे उशिरा ॲडमिशनला येतात, ए भरलेली असते, ती बी मध्ये जातात. म्हणजे आठवी बी ची निम्म्याहून जास्त पोरं रोज भुकेलेली, पाठीवर बॅग, ऊन नाहीतर पाऊस, बघायला कोणी नाही, अर्धा तास. तिथं ए ला उभी केली असती तर ए दांडगी झाली असती. उरलेल्या ६ मधल्या ४ त्यांच्या क्लास टीचरनं स्वतः भरलेल्या, आणि ती अशी की कोणाला पेन्सिलचं टोक लागलं तरी फॉर्म भरते. बाजूच्या वर्गाच्या सरांनी चार महिन्यांत एकही भरला नव्हता, त्यांचा वर्ग आमच्या तक्त्यात साधुसंतांचा दिसतो.

हे मी मीटिंगमध्ये फळ्यावर मांडलं तेव्हा आठवी बी ची क्लास टीचर काही बोलली नाही, फक्त वहीत काहीतरी लिहीत बसली, नंतर बघितलं तर नुसत्या रेघा होत्या.

उपायावर तीन मीटिंगा गेल्या. ट्रिप उलटी करा म्हणाले, तर मग जवळची पोरं लांबच्या फेरीपुरती अजून जास्त वेळ थांबणार. बालरथच्या अटेंडंट बाईंना थांबवा म्हणाले, तर मग बसमध्ये कोण? टीचरनी थांबावं, तर टीचर म्हणाले आम्ही सव्वाला सुटतो, आणि त्यांचंही घर आहे. शेवटी सौदा झाला, सौदाच म्हणते मी त्याला: रोज दोन टीचर पावणेदोनपर्यंत, ज्याची ड्युटी त्याला त्या दिवशी प्रॉक्सी नाही. आणि पोरं गेटवर नाही, ऑफिसच्या खिडकीसमोरच्या व्हरांड्यात, तिथं दोन कॅरम बोर्ड. जानेवारी ते मार्च त्या अर्ध्या तासाच्या ५ नोंदी.

मात्र बसमधल्या वाढल्या. आधी जवळजवळ नव्हत्याच, आता आठ-नऊ. भांडण तिकडं सरकलं की अटेंडंट बाई आता आमच्या वहीत लिहायला लागल्या म्हणून दिसतं, मला सांगता येत नाही. बाईंचं म्हणणं, ‘टीचर, हें सदांच आशिल्लें.’ म्हणजे हे नेहमीच होतं. असेलही. हे बसचं प्रकरण अजून सुटलेलं नाही.

जानेवारीत आम्ही दुसरी गोष्ट केली, मला वाटतं ती आधीच करायला हवी होती. वही सांगते काय झालं, पण पोरांना कुठं कसं वाटतं ते वहीत येत नाही. सहावी ते नववीच्या पोरांना शाळेचा नकाशा झेरॉक्स करून दिला, नाव लिहायचं नाही, फक्त मुलगा की मुलगी, आणि जिथं जायला नको वाटतं तिथं लाल ठिपका. सांगितलं, कारण हवं तर मागं लिहा.

मुलांचे ठिपके अपेक्षित तिथंच, गेट, ग्राउंडचा मागचा कोपरा, एक-दोघांनी गणिताचा वर्ग लाल करून ठेवलेला, त्यांना मी ओळखून आहे. मुलींचे कागद मी एकावर एक ठेवून खिडकीसमोर उजेडात धरले आणि ठिपके सगळे एकाच ठिकाणी गोळा झालेले, दुसऱ्या मजल्यावरचं मुलींचं टॉयलेट. मी वही काढली. तिथली एकही नोंद नाही. सात महिन्यांत शून्य. आमच्या तक्त्यात ती शाळेतली सगळ्यात सुरक्षित जागा होती.

कागद उलटे करून वाचले. एका कागदावर पेन्सिलनं, ‘कडी लागत नाही. एकजण दार धरून उभी राहते.’ दुसऱ्यावर, ‘मैत्रीण ॲबसेंट असली की मी जात नाही.’ एकीनं लिहिलेलं की पाण्याची बाटली ती घरून भरून आणतच नाही. तिथं काही घडत नव्हतं कारण तिथं कोणी जात नव्हतं. आणि बंद दाराबाहेर पहारा देणं यात लिहिण्यासारखं काय झालं? कोणी पडलं नाही, कोणी भांडलं नाही, आमच्या पाच रकान्यांत ते बसतच नाही. मी स्वतः त्या मजल्यावर रोज चार पिरियड घेते. स्टाफचं टॉयलेट खाली आहे, त्याची कडी लागते.

सुतार दुसऱ्याच दिवशी आला, चार दारांच्या चार कड्या, एक दार बदलावं लागलं. फॉर्ममध्ये सहावी ओळ घातली, ‘काही बिघडलंय का?’ आणि सूचनापेटी, जी ऑफिसच्या दारात ठेवली होती आणि जिच्यात पाच महिन्यांत दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या (एक चॉकलेटचा कागद), ती उचलून वरच्या मजल्यावर लायब्ररीच्या बाहेर नेली, जिथून कोण चिठ्ठी टाकतं ते ऑफिसातून दिसत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या पेटीत एक फॉर्म मिळाला, सहावीतल्या कोणाचा तरी, अक्षर मोठं गोल. जागा: वरचं टॉयलेट, तिसरं दार. काय झालं: ‘काय झालं नाही पण कडी परत सैल झालीय.’ हेड बाईंनी सही केली, मी आकडा १ लिहिला, आणि पियून स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर गेला.